न ओलांडलेले रस्ते

कॉलेजात असताना मी आठ दिवस एका सिग्नलपाशी उभी राहून माणसं मोजली. एका हातात अंगठ्याने दाबायचं मोजणीयंत्र, दुसऱ्या हातात पॅड, पॅडच्या चिमट्यात छापील तक्ता. वर ठळक अक्षरांत 'पादचारी वर्तन सर्वेक्षण'. खाली रकाने: स्त्री की पुरुष, अंदाजे वय, एकटा की घोळक्यात, हातात फोन आहे की नाही, पट्ट्यांवरून की बाहेरून. आणि सगळ्यात शेवटी, ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता तो रकाना: दिवा हिरवा असताना की लाल असताना.

'वर्तन' हा शब्द दिसला की मला प्रगतिपुस्तकाच्या तळाचा शेरा आठवतो. 'वर्तन: समाधानकारक'. तो शेरा कायम मुलांना मिळतो, मास्तरांना कधी मिळाल्याचं ऐकिवात नाही. पण तेव्हा हे सुचलं नव्हतं, कारण तेव्हा मी मास्तरांच्या बाजूला होते. पहिले दोन दिवस मोठ्या रुबाबात गेले. कुणी लाल दिव्यात पाऊल टाकलं की माझा अंगठा जरा जास्तच जोरात दाबला जाई.

'पादचारी' हाही गमतीचा शब्द. पाटीवर असतो, बातमीत असतो, बोलण्यात मात्र सापडत नाही. 'मी पादचारी आहे' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. माणूस आपला चालत असतो. त्याचा पादचारी होतो तो गाडीवाल्याच्या नजरेत, नाहीतर पंचनाम्यात.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक आजोबा कडेला येऊन उभे राहिले. एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी. दिवा हिरवा झाला, बाकीची माणसं सुटली. आजोबांनी आधी काठी खाली रस्त्यावर टेकवली, मग पाऊल उचललं, तेवढ्यात बाजूच्या रस्त्यावरून वळलेली एक गाडी त्यांच्या पुढून गेली. पाऊल मागे. तिच्यामागून दुसरी. तोवर हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि आजोबांनी काठी वर घेतली. पुढच्या हिरव्याला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. पाच वेळा दिवा बदललेला मी पाहिला. मग ते वळले आणि आल्या वाटेने सावकाश परत गेले.

मी तक्त्याकडे पाहिलं. आजोबा हिरव्यावर गेले नव्हते, लालवरही गेले नव्हते. पट्ट्यांवरूनही नाही, बाहेरूनही नाही. संध्याकाळी सर तक्ते गोळा करायला आले तेव्हा विचारलं, "सर, जे रस्ता ओलांडतच नाहीत, त्यांचं काय लिहायचं?"

"ओलांडला नाही ना? मग ते नमुन्यात येतच नाहीत. सोडून द्या."

सरांचं तसं बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून मी समासात पेन्सिलीने रेघा मारायला लागले. कडेला येऊन परत फिरलेल्या प्रत्येक माणसाची एक रेघ.

पुढे पोटापाण्याचं काम भलतंच निघालं, पण हा विषय सुटला नाही. हाती लागेल ते वाचत गेले. वाचताना पहिल्यांदा बरं वाटलं ते हे, की रस्त्याच्या कडेला उभं राहून अनोळखी माणसांवर डोळा ठेवण्याचा उद्योग फार मोठ्या लोकांनीही केलेला आहे. १९५५ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात लेफ्कोविट्झ, ब्लेक आणि माउटन या मानसशास्त्रज्ञांनी एका माणसाला सिग्नल 'थांबा' म्हणत असताना रस्ता ओलांडायला लावलं. कधी कडक सुटाबुटात, कधी मळक्या, जुनाट कपड्यांत. मागून किती जण येतात एवढंच बघायचं. सुटाबुटातल्या माणसामागे जास्त लोक गेले. माणूस तोच, दिवा तोच, मोडलेला नियमही तोच.

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच वाटेने आणखी पुढे जातो. शेजारी उभ्या असलेल्याने पाऊल टाकलं, की आपणही टाकण्याची शक्यता दीड ते अडीच पट होते. पुरुषांमध्ये ही ओढ अधिक दिसली. आणि मला सगळ्यात खरं वाटलेलं निरीक्षण असं, की पाऊल टाकून पुन्हा कडेला माघारी येणाऱ्यांत घोळक्यातली माणसं एकट्या माणसांपेक्षा जास्त होती. म्हणजे घोळक्यातला माणूस गाडीकडे पाहून निघालेलाच नसतो. तो शेजारच्या खांद्याकडे पाहून निघालेला असतो. मला हे पटायला अभ्यासाची गरज नव्हती. एकदा एका उंच, आत्मविश्वासाने निघालेल्या गृहस्थांच्या मागोमाग मी अर्ध्या रस्त्यापर्यंत गेले, तिथे त्यांनी एकदम धूम ठोकली आणि मी दोन्ही बाजूंनी धावणाऱ्या गाड्यांच्या मध्ये झाडासारखी उभी. आमच्या तक्त्याच्या भाषेत 'घोळक्यात', कारण आम्ही दोघं होतो.

फोनचा रकानाही उगाच नव्हता, हे मान्य करायला हवं. अमेरिकेत वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात आयरा हायमन आणि सहकाऱ्यांनी आवारातल्या चौकातून एकचाकी सायकलवर चक्क एक विदूषक फिरवला. चौक ओलांडून आलेल्यांना विचारलं, काही वेगळं दिसलं का? विदूषक दिसला का? फोनवर बोलत आलेल्यांपैकी जेमतेम पाव लोकांना तो दिसला होता. रंगीबेरंगी कपड्यांतला, लाल नाकाचा, एका चाकावरचा माणूस! जोडीने गप्पा मारत आलेल्यांपैकी बहुतेकांना मात्र दिसला. सोबतच्या माणसाशी बोलणं आणि फोनमधल्या माणसाशी बोलणं यांत एवढा फरक आहे. सोबतचा माणूस निदान 'अगं, तो बघ' म्हणतो.

तेव्हा चालणाऱ्यांची बाजू घ्यायची म्हणून त्यांना शहाणं ठरवायची मला गरज वाटत नाही. माणूस रस्त्यात वेंधळा असतो, घाईत असतो, दुसऱ्याच्या जिवावर उदार असतो आणि स्वतःच्याही. माझी तक्रार रकान्यांबद्दल आहे. रकाने विचारलं तेवढंच सांगतात. दिवा लाल होता का, हे आमच्या तक्त्याने विचारलं. किती वेळ लाल होता, हे विचारलं नाही. अमेरिकेतले वाहतूक अभियंते रस्त्यांची क्षमता मोजायला जी संहिता वापरतात, तिच्यात सरळ लिहिलं आहे की ३० सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागलं की पायी माणूस चुळबुळायला लागतो आणि दिवा न जुमानण्याची शक्यता बरीच वाढते. जे हमखास होणार म्हणून अभियंत्यांना ठाऊक असतं, त्याला सर्वेक्षणात 'उल्लंघन' म्हणतात. आमच्या चौकात चालणाऱ्यांचा दिवा किती सेकंद लाल असे? आठ दिवस तिथे उभी होते, हातावर घड्याळ होतं, आणि मी एकदाही पाहिलं नाही. याची चुटपुट अजून आहे.

आजोबांचा उलगडा मला झाला तो घोटा मोडल्यावर. दीड महिना कुबड्या. त्याआधी मी कधी रस्त्याची रुंदी पाहिली नव्हती, फक्त रस्ता पाहिला होता. हिरव्या दिव्याची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं धरलं गेलं. इंग्लंडमध्ये ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांच्या चालीचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात पुरुषांचा सरासरी वेग निघाला ०.९ मीटर आणि बायकांचा ०.८. आकडे एवढेसेच दिसतात. पण १२ मीटरचा रस्ता घ्या. हिशोबातला माणूस तो १० सेकंदांत पार करतो. त्याच १० सेकंदांत आजी ८ मीटरवर पोचलेल्या असतात. उरलेले चार मीटर म्हणजे शेवटची आख्खी मार्गिका, आणि त्या मार्गिकेतल्या गाड्यांना आता हिरवा मिळालेला असतो. म्हणजे दिव्याने सांगितलं ते सगळं आजींनी निमूट ऐकलं, तरी त्या मधेच अडकणार. हे गणित त्या आजोबांनी कागदाशिवाय केलं असणार. सिंगापूरने २००९ पासून यावर साधा तोडगा काढला: ज्येष्ठांनी आपलं कार्ड खांबावरच्या यंत्राला लावायचं, की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. यंत्राला लाज वाटत नाही आणि वाट पाहण्याचा कंटाळाही येत नाही.

अमेरिकेतही २००९ मध्ये हा हिशोबाचा वेग थोडा खाली आणला गेला, सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर. अर्ध्या फुटासाठी किती बैठका झाल्या असतील, देव जाणे.

बिनसिग्नलच्या रस्त्यावरचा प्रकार आणखी निराळा. तिथे आपण दिव्यावर विसंबत नाही, डोळ्यांवर विसंबतो. आणि डोळे इथे फार भरवशाचे नाहीत. समोरून सरळ आपल्याकडे येणाऱ्या गाडीचा वेग आपल्याला तसा दिसतच नाही, दिसतं ते तिचं मोठं होत जाणं. दोन गाड्या आपल्यापर्यंत पाच सेकंदांत पोचणार असतील, तर त्यातली वेगवान गाडी आत्ता जास्त लांब असते. म्हणून ती लहान दिसते आणि तिचं मोठं होणंही मंद असतं. जी गाडी जास्त धोक्याची, तीच जास्त निवांत दिसते! लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवेमधल्या जॉन वॉन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांना हे मोठं होणं मोठ्यांइतकं टिपता येत नाही. ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या पलीकडे येणारी गाडी येते आहे हेच त्यांना खात्रीने कळेल असं नाही. आपण मात्र त्यांना 'दोन्हीकडे नीट बघून जा रे' म्हणून पाठवतो. मूल बिचारं नीट बघतंही.

हाच ३०चा आकडा पुढे पुन्हा भेटतो. समजा, चेंडूमागे धावत एक मूल गाडीपुढे साडेतेरा मीटरवर आलं. चालकाला दिसून पाय ब्रेकवर पडायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० ने येणारी गाडी त्या सेकंदात आठेक मीटर जाते, कोरड्या रस्त्यावर पुढच्या पाच मीटरांत उभी राहते. मुलाच्या जेमतेम अलीकडे. ताशी ५० ने येणारी गाडी त्या एका सेकंदातच चौदा मीटरच्या जवळ गेलेली असते. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच मूल आणि गाडी एके ठिकाणी, आणि वेग पुरा ५०. कागदावर हा फरक 'जरा जास्त वेग' इतकाच. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासून ब्रायन टेफ्ट यांनी २०११ साली जो अंदाज मांडला, त्यानुसार धडकेच्या क्षणी वेग ताशी ३७ असेल तर पायी माणसांपैकी दहातला एक दगावतो. ६८ ला निम्मे. ९३ ला दहातले नऊ.

आमच्या तक्त्यात गाडीच्या वेगाचा रकाना नव्हता, हे आता निराळं सांगायला नको.

हे असं कधीपासून झालं, याचाही शोध घेतला. ब्रिटनमध्ये मोटारीखाली सापडून मरण पावलेली पहिली पायी व्यक्ती म्हणजे ब्रिजेट ड्रिस्कॉल, वय ४४, लंडनचा क्रिस्टल पॅलेस, १७ ऑगस्ट १८९६. चौकशीत चालक म्हणाला, गाडी ताशी चार मैलांनी चालली होती. एक साक्षीदार म्हणाली, चांगला घोडा चौखूर उधळावा तशी. निकाल लागला: अपघाती मृत्यू. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या चौकशीत वेगाबद्दलचा वाद जसाच्या तसा सापडतो.

अमेरिकेत त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत जे घडलं ते इतिहासकार पीटर नॉर्टन यांनी उकरून काढलं आहे. रस्ते तोवर सगळ्यांचे होते. चालणाऱ्यांचे, खेळणाऱ्या मुलांचेही. मोटारींखाली माणसं मरायला लागल्यावर राग मोटारींवर निघे. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२ हजारांहून जास्त लोकांनी सह्या करून मागणी केली, की गाडीतच असं यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांच्या पुढे जाऊच नये. गाड्या विकणारे हादरले, त्यांनी जोरदार प्रचार केला, आणि मतदानात प्रस्ताव पडला. 'जेवॉकर', म्हणजे वाटेल तिथून रस्ता ओलांडणारा, हा शब्द पसरला तो याच सुमाराच्या प्रचारातून. 'जे' म्हणजे गावंढळ, शहराची रीत न कळणारा. वेगाला लगाम घालण्यापेक्षा चालणाऱ्याला अडाणी म्हणणं स्वस्त पडलं. हा शब्द पुढे कायद्याच्या बोलीत जाऊन बसला. तो सैल व्हायला कॅलिफोर्नियात २०२३ उजाडलं, आणि न्यूयॉर्क शहराने रस्ता मधूनच ओलांडणं गुन्ह्यातून काढलं ते २०२४ मध्ये.

पट्ट्यांवरूनच जा, हा उपदेश तरी निर्विवाद असेल असं मला वाटे. तोही नाही. चार्ल्स झेगीर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३० शहरांत सिग्नल नसलेल्या दोन हजार जागा तपासल्या, हजार पट्ट्यांच्या आणि हजार बिनपट्ट्यांच्या. दोन मार्गिकांच्या रस्त्यावर काही फरक निघाला नाही. पण अनेक मार्गिकांच्या, रोज १२ हजारांहून जास्त गाड्यांच्या रस्त्यावर नुसते पट्टे ओढलेल्या ठिकाणी अपघाताचं प्रमाण उलट जास्त निघालं. त्यामागचं एक कारण चित्रासारखं डोळ्यांपुढे येतं. कडेच्या मार्गिकेतला सज्जन चालक थांबतो, हाताने 'जा' म्हणतो. आपण त्याच्याकडे पाहून हसतो, पाऊल टाकतो. आणि त्याच्याच गाडीच्या आडून, पलीकडच्या मार्गिकेतून, न थांबलेली दुसरी येते. तिला आपण दिसत नाही, आपल्याला ती दिसत नाही, मधे सौजन्य उभं. मी तेव्हापासून थांबलेल्या गाडीच्या नाकाशी येऊन एकदा मान काढून डोकावते. चालकाला वाटतं, ही बाई आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

उपाय सापडत नाहीत असंही नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ सालीच मान्य केलं की माणूस चुकणार, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, आणि ती जबाबदारी रस्ते आखणाऱ्यांचीही आहे. नॉर्वेतल्या ओस्लोने वेगमर्यादा खाली आणल्या, मध्यभागातल्या पार्किंगच्या जागा काढून टाकल्या. २०१९ या सबंध वर्षात त्या शहरात एकही पायी माणूस किंवा सायकलस्वार रस्त्यावर मेला नाही. तिथले लोक अचानक फोन खिशात ठेवायला लागले असतील असं मला वाटत नाही.

पण शून्य हा आकडा पाहिला की मला आता लगेच दुसरा प्रश्न पडतो: कडेला कोण उभं होतं? हा प्रश्न मायर हिलमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लावून दिला. इंग्लंडमध्ये रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांची संख्या कमी होत चालली होती, गाड्या मात्र वाढत होत्या. सगळे खूश. रस्ते सुरक्षित झाले! हिलमननी वेगळंच मोजलं. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुलं मोठ्यांवाचून शाळेत जात. १९९० मध्ये ९ टक्के. मुलं मरत नव्हती, कारण मुलं रस्त्यावर नव्हतीच. दार लावून घेतलं होतं. ज्या रस्त्याला सगळेच घाबरतात तो आकड्यांत सुरक्षित दिसतो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक पालथं घालून बराच वेळ बसले होते.

डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी त्याच्याही आधी सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांना विचारलं होतं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? एका रस्त्यावरून रोज सुमारे दोन हजार गाड्या जात, एकावरून आठ हजार, तिसऱ्यावरून सोळा हजार. पहिल्यावर माणशी सरासरी तीन मित्र निघाले. तिसऱ्यावर एकसुद्धा पुरता नाही, ०.९. 'तुमचं घर कुठपर्यंत?' म्हणून नकाशावर रेघ काढायला सांगितली, तर कमी गाड्यांच्या रस्त्यावरच्या लोकांनी आख्खा रस्ता आत घेतला. सोळा हजारवाल्यांनी आपली इमारत, फार तर. समोरच्या फुटपाथवर राहणारा माणूस मित्र व्हायचा तर कुणीतरी रस्ता ओलांडावा लागतो. ॲपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीच्या धडकेत गेले.

आजोबा कुणाकडे निघाले होते, ते मला माहीत नाही. पिशवीत काय होतं, तेही नाही. पाच हिरवे दिवे ते थांबले, त्याअर्थी जाणं महत्त्वाचं असावं.

आठव्या दिवशी तक्ते एका खोलीत जमा करायचे होते. तिथे एक मुलगा संगणकात आकडे भरत बसला होता. त्याने माझा गठ्ठा चाळला आणि थांबला. समासात पेन्सिलीच्या रेघा, चार उभ्या आणि त्यांच्यावर एक आडवी, अशा जुड्या, पान भरून खाली उतरलेल्या.

"हे काय आहे?"

"परत गेलेली माणसं."

"कुठल्या रकान्यात घालू?"

मी तक्त्याकडे पाहिलं, तोही पाहत होता. मग त्याने खोडरबर घेतलं, एकेक पान नीट सरळ धरून समास स्वच्छ केला, आणि कचरा फुंकरीने उडवून गठ्ठा पुढच्या ढिगावर ठेवला.